मोडलेलं आणा, मोडून आणू नका

"टाकू नका. इकडे द्या."

हे म्हणताना त्या मान वर करायच्या नाहीत. वह्या तपासत असायच्या, डबा खात असायच्या, क्वचित डुलकीही काढत असायच्या. पण स्टाफरूममध्ये कुणाचा कप फुटला, छत्रीची काडी मोडली, चष्म्याची दांडी निखळली, की ती वस्तू केराच्या डब्यात पडायच्या आत टेबलावरून एक तळहात पुढे यायचा. पेन्सिलीच्या काजळीने कायम काळा झालेला. आम्ही मुकाट्याने वस्तू त्यावर ठेवायचो. प्रसाद घेतात तसा तो हात असायचा, फक्त प्रसाद द्यायला आम्ही, आणि तोही फुटका.

कोथरूडच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी गणित. दोघंही एकाच वर्षी नोकरीला लागलो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि तसंही मुलांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांच्या लेखी त्या नुसत्या 'चित्रकलेच्या बाई' होत्या. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील. परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी ज्यांचा तास हक्काने मागून घ्यावा अशा. मीही एकदा मागितला होता.

"बाई, तास द्याल का? पोर्शन राहिलाय हो."

"राहू द्या की," बाई हसून म्हणाल्या. "राहिलेल्या गोष्टी मला फार आवडतात."

पुन्हा मागितला नाही.

बिबवेवाडीहून त्या दुचाकीवर यायच्या. तोंडाला घट्ट स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि पायाशी कापडी पिशवी. पिशवीत वाटेत सापडलेलं काही ना काही असायचंच. सायकलची अर्धी घंटी, बाहुलीचा हात, कुलूप हरवलेली किल्ली. एकदा मी बसमध्ये होतो. सिग्नल सुटला होता, मागच्या गाड्या बोंबलत होत्या, आणि बाई खाली वाकून कुणाच्या तरी गाडीच्या आरशाचा तुकडा उचलत होत्या. मागून एकजण ओरडला, "काकू, केर घरी काढा!"

बाई सावकाश वळल्या. "घरचा काढला. तुमचा राहिलाय."

वस्तुचित्राच्या तासाला इतर शाळांत टेबलावर घडा, दोन सफरचंदं आणि घडी घातलेला टॉवेल मांडतात. बाईंच्या टेबलावर कान तुटलेला कप असायचा, नाहीतर काड्या बाहेर आलेली छत्री. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "बाई, तपासणीला आलेल्या माणसांना वाटायचं, शाळेला धड एक मडकं जुळत नाही."

"अहो, धड मडकं पन्नास मुलांचं पन्नास वेळा सारखंच येतं," बाई म्हणाल्या. "फुटकं दिलं की पोरांना आधी बघावं लागतं."

एका रविवारी त्यांच्या नादाने मीही जुन्या बाजारात गेलो होतो. एका विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने भिंतीवरचं घड्याळ काढून किल्ली दिली. "ताई, एकदम चालू."

"चालू नको. बंद दाखवा."

त्याने बंद दाखवलं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याला काटे आहेत. बिनकाट्याचं नाही का?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी जुन्या पुस्तकांकडे पाहू लागलो.

हे सगळं त्या कशासाठी करायच्या, ते मला शनिवारी कळायचं. शाळा लवकर सुटली की त्या चित्रकलेच्या खोलीतच थांबून स्वतःची चित्रं काढायच्या. मोठ्या कागदावर बाहुलीचा हात ठेवायचा, आणि तो जिथे तुटला असेल तिथून कोळशाची रेघ सुरू करायची. त्या रेघेतून बाहुली कधीच यायची नाही. कधी त्या हाताने धरलेलं झाड यायचं, कधी एसटीच्या खिडकीतली एखादी बाई. मी दारात उभा राहून बघायचो. "धड वस्तू मला काही सुचू देत नाही," त्या म्हणायच्या. "ती आपलं आपण सगळं बोलून बसलेली असते." मला चित्रातलं काही कळत नाही. पण तिथून निघताना माझ्या हातून दार लोटून घ्यायचं राहून जायचं, एवढं खरं.

हाच खेळ त्यांनी सातवीच्या वर्गात आणला. दर गुरुवारी दोन तास. घरातली एखादी मोडकी वस्तू आणायची, कागदावर ठेवायची आणि तिच्यापासून पुढे चित्र काढायचं. फळ्याच्या कोपऱ्यात नियम लिहिलेला असायचा: 'मोडलेलं आणा, मोडून आणू नका.'

मुलंच ती. पहिल्याच महिन्यात एकाने बशीचा तुकडा आणला. बाईंनी तुकडा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं.

"आज सकाळी फोडलीस?"

मुलगा गार पडला. "बाई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बशीने. कड बघ, किती पांढरी आहे, बोटाला चरचरते. फुटून जुनी झालेली बशी कडेने पिवळी पडते, तिच्यात धूळ बसते." शिक्षा म्हणून त्याला धड बशीचं चित्र काढायला लावलं. दोन तास.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला आपण शाल्मली म्हणू, खरं नाव वेगळं आहे. माझ्या तासाला ती तिसऱ्या बाकावर बसायची, उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. गुरुवारी मात्र तिच्या कागदाभोवती वर्ग गोळा व्हायचा. वाकलेल्या डावाच्या दांड्यापासून तिने मान वळवून मागे बघणारा बगळा काढला होता. टीव्हीच्या रिमोटच्या फुटक्या झाकणातून चार मजली इमारत उभी केली होती, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे. काचेच्या बांगडीचा अर्धा तुकडा होता, त्याचा बोगदा झाला आणि त्यातून दिवे लावलेली आगगाडी बाहेर आली.

बाई तो कागद घेऊन थेट माझ्या चालू वर्गात शिरल्या. "सर, पाढे थांबवा जरा. हे बघा. मला इतक्या वर्षांत सुचलं नाही हो असलं." त्यांचा चेहरा असा फुललेला मी क्वचित पाहिला होता. "आता गुरुवारची वाट तिच्यापेक्षा मीच जास्त बघते."

इतर मुलांच्या घरातल्या मोडक्या वस्तू दोन-तीन आठवड्यांत संपल्या. मग ती एकमेकांच्या वस्तू मागून घेऊ लागली. शाल्मलीला कधी कमी पडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर तिने एकदम चार आणल्या. बाई हसून म्हणाल्या, "अगं, सुट्टीत घरी कारखाना काढलास की काय?" वर्ग हसला. शाल्मलीही हसली. हे मी बाहेरून जाताना माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून लिहितो.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. चित्रप्रदर्शनाची मांडणी माझ्याकडे होती. नीटनेटकेपणाची मला हौस. प्रत्येक चित्राखाली त्याची मूळ वस्तू ठेवायची आणि शेजारी मुलाचं नाव आणि वस्तू वर्गात आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी, ही कल्पना माझीच. शाल्मलीला भिंतीजवळचं अख्खं टेबल दिलं. वर वळणदार अक्षरात मीच पाटी लिहिली: 'टाकाऊतून टिकाऊ'. बाईंनी पाटी वाचून नाक मुरडलं, पण काढायला लावली नाही.

शाल्मलीचे आई-वडील आले. वडील इस्त्रीच्या शर्टातले, मऊ बोलणारे, एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. मला हात जोडून म्हणाले, "सर, आपले फार उपकार आहेत. आमच्या घराण्यात कुणालाच कला नाही हो. हिच्यात कुठून आली कोण जाणे." त्यांनी प्रत्येक चित्राचा फोटो काढला. आई मागे उभी होती. ती चित्रांकडे बघतच नव्हती. खाली मांडलेल्या वस्तूंकडे बघत होती, एकेकीपाशी थांबून. माझ्या मनात आलं, या बाईंना चित्रांची आवड दिसत नाही. तेवढंच मनात आलं. मग वडील मोबाइल धरून म्हणाले, "अगं, जरा हस की," आणि ती हसली.

लोक येत होते. वाकून बघत होते, 'छान, छान' म्हणत होते. मीही शंभर वेळा म्हणालो असेन.

संध्याकाळी आवराआवर चालली होती. बाई शाल्मलीच्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरत होत्या. मी पताका काढत होतो. मधेच खोक्यात वस्तू ठेवल्याचा आवाज थांबला, म्हणून मी वळून पाहिलं. त्या एक तुकडा हातात धरून उभ्या होत्या. तो ठेवला, दुसरा उचलला, कडेवरून बोट फिरवलं. मग तिसरा.

"सर, इकडे या."

मी गेलो.

"तुम्ही गणिताचे ना? मोजा."

"काय मोजू?"

"या. आणि तारखा वाचा मोठ्याने."

मी मोजल्या. अकरा. तारखा वाचत गेलो. गुरुवार, त्याच्या पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचा. दिवाळीनंतर एका तारखेला चार चिठ्ठ्या. माझंच अक्षर, माझीच शाई. तरीही मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "हुशार आहे पोरगी. शोधून आणते."

"शोधत नाही हो ती." बाईंनी फोटोच्या चौकटीचा कोपरा माझ्यासमोर धरला. लाकडाचा आतला रंग अजून ओला वाटावा इतका ताजा होता. "यातलं एकही जुनं नाही. धूळ नाही, गंज नाही, डाग नाही. सगळ्या कडा त्या-त्या आठवड्याच्या आहेत. तिच्या घरी हे पिकतंय, सर."

पताकेचं एक टोक माझ्या हातात होतं, ते मी तसंच धरून उभा राहिलो.

"डाव कशाने वाकतो?" बाई म्हणाल्या. "भाजी ढवळून वाकतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "घरातला मामला आहे, बाई. आपल्याकडे पुरावा म्हणाल तर फुटक्या वस्तू. असं करू, वडिलांना बोलावून घेऊ आणि—"

"वडिलांना नाही!" बाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही त्यांना बोलावलंत, तर संध्याकाळी त्या घरात काय होईल?"

शेवटी आईला एकटीला, काहीतरी निमित्त काढून बोलवायचं ठरलं. सोमवार निवडला. आज मला वाटतं, आम्ही सोमवार का निवडला? मधे गुरुवार होता.

गुरुवारी शाल्मली रिकाम्या हाताने आली. म्हणजे वस्तू नव्हती, चित्र घरूनच काढून आणलं होतं. बाईंनी नंतर मला ते दाखवलं. एक हात होता. कोपरापासून खाली काढलेला, अतिशय काळजीपूर्वक, बांगड्यांसकट. मनगटाच्या जरा वर तो अशा ठिकाणी वळलेला होता, जिथे हात वळत नाही.

बाईंनी विचारलं, "वस्तू कुठे आहे, बाळ?"

"घरी आहे," शाल्मली म्हणाली. "आणता आली नाही. आईची आहे."

मधल्या सुट्टीत बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. ओठ पांढरे पडले होते. "सर, चला."

"कुठे? माझा पुढचा तास—"

"चला म्हणते ना."

शाल्मलीला त्यांनी ग्रंथालयातल्या बाईंपाशी बसवून ठेवलं होतं आणि कुणीही न्यायला आलं तरी सोडायचं नाही असं बजावलं होतं. मी बाईंच्या दुचाकीवर मागे बसलो. शाळेपासून तिची सोसायटी पाच मिनिटांवर. वाटेत त्या स्कार्फमधून काहीतरी बोलत होत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. सिग्नलला थांबलो तेव्हा मला ते ऐकू आलं. "मी शाबासकी देत होते. दर वेळी मी शाबासकी देत होते."

दार आईनेच उघडलं. उजवा हात ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेला. आम्हाला पाहून पहिला प्रश्न तिने विचारला, "शाल्मली बरी आहे ना?"

"बरी आहे. शाळेतच आहे," बाई म्हणाल्या. "आत येऊ?"

घर लख्ख होतं, इतकं की पाय ठेवायला संकोच वाटावा. आम्ही बसलो, आणि हळूहळू मला त्या घरात काय विचित्र आहे ते दिसू लागलं. भिंतींवर खिळे होते, फोटो नव्हते. शोकेसला काच नव्हती आणि आत स्टीलचे पेले ओळीने लावलेले होते. काचेचं, चिनीमातीचं असं त्या घरात काही उरलंच नव्हतं. जे गेलं होतं त्यातलं बरंचसं मी दोन दिवस टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"हाताला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाथरूममध्ये पडले."

बाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या अकरा वस्तू माझ्याकडे आहेत. मी त्या फार उशिरा नीट बघितल्या. चुकले मी."

शाल्मलीची आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सर, त्या दिवशी प्रदर्शनात मला वाटलं, आता कुणालातरी कळेल. एवढं सगळं टेबलावर मांडलंय, तारखांसकट. कुणीतरी विचारेल. म्हणून मी तिथेच उभी राहिले. पण सगळे छान म्हणत होते."

मी गणिताच्या नोकरीत तीस वर्षं काढली. हजारो मुलांना चूक कुठे झाली ते लाल शाईने दाखवलं. त्या दिवशी त्या घरात मी मान खाली घालून बसलो. नंतरही कितीतरी दिवस ती पाटी आणि तिच्यावरचं माझं वळणदार अक्षर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढचं बाईंनी केलं. मी फक्त बरोबर होतो. रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दुसऱ्या एका जागी बोट ठेवलं. "हे आधीचं आहे. आपोआप जुळलंय, वाकडं." मग त्यांनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, तिच्याशी एकटीशी बोलले आणि पोलिसांना कळवलं. तिचा भाऊ विश्रांतवाडीला राहायचा. तिला त्याचा नंबर पाठ होता, पण दोन वर्षांत लावला नव्हता. बाईंनी तो लावून फोन तिच्या कानाला धरला. पलीकडून नुसतं "ताई?" ऐकलं, आणि तेव्हा ती रडली.

चौकीत बाई ते खोकं घेऊन गेल्या. टेबलामागच्या पोलीसबाई म्हणाल्या, "मॅडम, हे काय भंगार आणलंय?" बाईंनी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली, प्रत्येकीपुढे माझी चिठ्ठी. शेवटी हाताचं चित्र. पोलीसबाईंनी तारखा वाचल्या. चित्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासून."

शाल्मलीला मामाकडे पोचवायला बाईच गेल्या. वाटेत त्यांनी तिला विचारलं होतं की या वस्तू ती कशी जमवायची. तिने जे सांगितलं ते बाईंनी मला दोन दिवसांनी, चित्रकलेच्या खोलीत, दार लावून सांगितलं. "ती म्हणाली, बाई, फुटलं की मी पटकन उचलायचे. म्हणजे आईच्या पायात जायचं नाही. मग ते हातात धरून मोरीत बसायचे आणि याचं काय काढता येईल याचा विचार करायचे. तुम्ही शिकवलंत तसा. चित्र सापडेपर्यंत बाहेरचं थांबलेलं असायचं."

बाईंनी भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांचं स्वतःचं एक मोठं चित्र लावलेलं होतं. त्या बोगद्यावरून, त्या बांगडीच्या तुकड्यावरून त्यांनाही काही सुचलं होतं. दोन महिने त्या त्यावर काम करत होत्या. "मला वाटत होतं, माझं हे आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे," त्या म्हणाल्या. "अजूनही तेच वाटतं, सर. त्याचीच भीती वाटते."

मी म्हणालो, "तुम्ही तो खेळ घेतला नसता तर कुणालाच कळलं नसतं."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण कळायच्या आधी मी दर गुरुवारी आशेने बघत होते हो. आज काय आणलंय, आज काय आणलंय."

वडील शाळेत आले, त्याच मऊ आवाजात. शाळेने आपलं घर फोडलं असं त्यांनी संस्थेला लेखी कळवलं. काही पालकही बरोबर होते. घरातल्या गोष्टी चित्रात काढायला शिकवतात म्हणे, उद्या आमच्या घरात डोकावाल. बैठक झाली. यापुढे वस्तुचित्राला फळं, फुलं आणि घडा एवढंच ठेवावं, असं ठरलं आणि बाईंकडून तसं लिहून मागितलं. बाईंनी कागद वाचला, वळवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राजीनामा लिहिला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सहा वर्षं राहिली आहेत तुमची." बाई म्हणाल्या, "राहू द्या." या वेळी त्या हसल्या नाहीत.

निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. बिबवेवाडीचं घर बंद करून त्या साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. मी अधूनमधून फोन करायचो. चित्रांबद्दल त्या बोलायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणायच्या, "सध्या पावटे सोलतेय." मग दोन-दोन महिने फोन होईना. खोलीतल्या मोडक्या वस्तू शाळेने एका शनिवारी टेम्पोत भरून भंगारात पाठवून दिल्या. नवीन सर आले. ते चांगले आहेत. त्यांच्या टेबलावर घडा असतो.

तीन वर्षांनी, मी निवृत्त होण्याच्या जरा आधी, स्टाफरूमच्या दारात एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली होती, अकरावीच्या प्रवेशासाठी ती दुरुस्त करून हवी होती. "सर, ओळखलं का?" म्हणाली, तेव्हा ओळखलं. पूर्वी या मुलीने कधी प्रश्न विचारला नव्हता. आता ती कार्यालयातल्या कारकुनाशी चक्क वाद घालून आली होती.

मी आईची चौकशी केली. "मस्त आहे. विश्रांतवाडीतच घर घेतलंय आम्ही भाड्याने, मामाच्या मागच्या गल्लीत. आई एका ऑफिसात जाते. केस चालू आहे अजून, पण तिला काही वाटत नाही आता तारखेचं. परवा काचेचा सेट आणला तिने. सहा बाउल." तिने हाताने बाउलचा आकार दाखवला. "एक माझ्या हातून फुटला काल. आई म्हणाली, बघ गं, पाय सांभाळ. बस, एवढंच."

"आणि चित्रं?"

ती जरा ओशाळली. "नाही काढत, सर. कॉमर्स घेतलंय."

"अगं, का? तुझा हात किती—"

"आता लागत नाही, सर," ती म्हणाली. मग बाईंबद्दल तिने विचारलं. त्या शाळा सोडून साताऱ्याला गेल्या हे तिला ठाऊक नव्हतं. तिने त्यांचा नंबर घेतला, पण फोन कधी करील कोण जाणे. त्या वयात राहून जातं.

ती फाटकातून बाहेर पडायच्या आत मी साताऱ्याला फोन लावला. बाईंनी बऱ्याच वेळाने उचलला. आवाज थकलेला होता. तब्येत बरी नसते, एवढं मला माहीत होतं. किती बरी नाही, ते तेव्हा माहीत नव्हतं. त्यांचा आवाज मी ऐकला तो त्या दिवशी शेवटचा. मी सगळं सांगितलं. दाखला, आई, भाड्याचं घर, काचेचे बाउल. त्या नुसत्या हुंकार देत होत्या. मग मी जड आवाजात म्हणालो, "एकच वाईट वाटलं, बाई. तिने चित्रं सोडली."

"काय म्हणाली? का सोडली?"

"म्हणाली, लागत नाही."

"असं नाही. ती म्हणाली तसं सांगा."

मी आठवून सांगितलं. "‘आता लागत नाही, सर.’"

"परत सांगा."

मी परत सांगितलं. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण तो बंद झाला नव्हता. चपला ओढत त्या कुठेतरी आत गेल्या. आणि मग लांबून, स्वयंपाकघरातल्या बहिणीला त्या ओरडून सांगत असलेलं मला ऐकू आलं. शाळेतलं मूल बोर्डात पहिलं आलं की सांगायच्या, त्याच आवाजात.

"अगं, ऐकलंस का? माझ्या पोरीने चित्रं सोडली!"